अप्पांचा पुकारा

अप्पांनी माझी पहिल्यांदा लाज काढली ती माझ्या सासूबाईंसमोर. आकाशातून उड्या मारणारी सून म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून त्या मुखेडहून मुद्दाम आल्या होत्या. सोबत धाकटी बहीण, डब्यात धपाटे आणि चेहऱ्यावर ‘आता सगळं देवाच्या हवाली’ असा भाव. मी निळा जंपसूट चढवून, पाठीवर हवाई छत्रीचं दप्तर घेऊन, जरा ऐटीतच विमानाकडे निघाले होते. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वाटेत आडवे आले. त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट केलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गुस्ताखी माफ! बाईंच्या गळ्यात कायतरी लटकून राहिलंय.”

मंगळसूत्र होतं. मी ते आत खोचलं होतं, पण वाट्या कॉलरच्या वर आल्या होत्या.

“अप्पा, मंगळसूत्र आहे ते,” मी हळूच म्हटलं. त्यांना सगळे अप्पा म्हणतात एवढं मला ठाऊक होतं.

“असंल. वाऱ्याला वाचता येत न्हाई.”

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. सौभाग्याचं लेणं भर मैदानात उतरवायला सांगणारा हा कोण, असं त्यांना विचारायचं होतं आणि त्यांनी ते विचारलंही. अप्पांनी त्यांना नमस्कार केला. म्हणाले, “अक्का, हिचा नवरा खाली खुर्चीत बसून चहा पिऊन राहिला. त्याला काय बी होत न्हाई. वर जायची ती ही. छत्रीची दोरी ह्या साखळीत गुतली तर मान जाती. मी हिची काळजी करून राहिलो.” मग त्यांनी आपल्या शर्टाची बाही वर सारली. दंडाला इष्टलिंग बांधलेलं होतं. “हे जन्मल्यापासून माझ्या गळ्यात होतं. मठातल्या स्वामींना विचारलं अन् दंडाला बांधलं. देव समजून घेतो, दोरी घेत न्हाई.”

मी मंगळसूत्र काढून सासूबाईंच्या हातात दिलं. वाटलं, आता सुटले. पण अप्पा वाटेतून हलेनात. “मेहरबानी म्हणायचं राहिलं,” ते म्हणाले. मग मला सगळ्यांसमोर, मोठ्यानं, “मेहरबानी, अप्पा,” असं म्हणावं लागलं. त्या दिवशी मी हजारो फुटांवरून उडी मारून पायांवर अलगद उतरले, पण मुखेडात गेली ती बातमी मंगळसूत्राची.

आमचं मैदान म्हणजे लातूर आणि नांदेडच्या मधल्या एका माळावरची जुनी धावपट्टी. थंडीत तिथे एक लहानसं विमान येतं. शनिवार-रविवारी हौशी गिऱ्हाइकं येतात, प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन उडी मारतात, व्हिडिओ काढतात आणि जेवायला घरी जातात. आम्ही आठ-दहा जण मात्र आपापल्या छत्रीनं, एकट्यानं उड्या मारणारे. मी लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. नांदेडचे एक दातांचे डॉक्टर आहेत. आणि आमच्यात सगळ्यांत थोर म्हणजे अप्पा, उदगीरचे कापडाचे व्यापारी. पन्नाशीत भाच्याकडे परदेशी गेले, तिथे गंमत म्हणून एक उडी मारली आणि परत आले ते वेगळेच होऊन आले, असं त्यांची सून सांगते. पुढची कैक वर्षं ते दर उन्हाळ्यात दुकान पोरावर सोडून उड्या मारायला परदेशी जात. उदगीरकरांना वाटायचं, अप्पा सुरतेला माल घ्यायला गेलेत.

पुकारा ही अप्पांची पद्धत. मैदानावर कुणाचीही चूक दिसली की दिसणाऱ्यानं तिथल्या तिथे, सर्वांसमोर, मोठ्यानं ती बोलायची. सुरुवात “गुस्ताखी माफ” अशी. ज्याची चूक त्यानं वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत, फक्त “मेहरबानी” म्हणायचं आणि चूक सुधारायची. कानात येऊन सांगायला सक्त मनाई. अप्पा म्हणत, “कानात सांगितलेली चूक कानातच ऱ्हाती. ज्याची हाय त्यालाच कळती, बाकीचे उद्या तीच करतेत.” कुणी म्हणालं की अप्पा, पण चारचौघांत लाज वाटते, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “वाटू द्या की. लाजेनं मेलेला माणूस मी अजून बघितला न्हाई.”

मला मात्र लाज फार लवकर वाटते. हा माझा जन्मजात रोग आहे. शाळेत दुसऱ्याला छडी बसली तरी माझे कान तापायचे. लग्नात मामेभाऊ नाचायला लागला की मी पंगतीच्या मागे जाऊन उभी राहायचे. विमानाच्या उघड्या दारात उभं राहायला मला भीती वाटत नाही, पण हॉटेलात कुणी वेटरवर ओरडलं की मी पाण्याच्या ग्लासात बघत बसते. असल्या बाईला अप्पांच्या मैदानावर उड्या मारायची हौस यावी, ही काय कमी थट्टा?

त्यांचं तपासणं मैदानापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. उदगीर-लातूर एसटीत चढले की आधी मागचं संकटकाळी उघडायचं दार लागलंय का ते हलवून बघणार आणि कंडक्टरला “गुस्ताखी माफ” म्हणणार. लग्नाला गेले की अक्षता हातात घेऊन मांडवाचे दोर ओढून बघत फिरणार. लातूरच्या सिग्नलवर एका अनोळखी पोराच्या हेल्मेटचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हातानं लावला होता. मी त्यांच्या मोटारीत मागच्या सीटवर होते. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि अप्पा रस्त्यात उभे राहून त्या पोराच्या तोंडून “मेहरबानी” यायची वाट बघत होते. मी खाली वाकून चप्पल शोधत असल्याचं सोंग केलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे उदगीरची ती अंत्ययात्रा. माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा वारले होते, म्हणून मी गेले होते. ते अप्पांच्याच समाजाचे, आणि त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या मखरात बसवून, बांधून, मिरवत नेतात. भजन चाललेलं, बायका रडत होत्या, मखर खांद्यावर चढलं आणि गर्दीतून आवाज आला, “गुस्ताखी माफ! उजवीकडची गाठ सरकून राहिली.” भजन थांबलं. अप्पा पुढे झाले. म्हणाले, “चढावर आजोबा कलंडले तर गेलेल्या माणसाची बेअब्रू.” मखर खाली उतरवलं, गाठ सोडून नव्यानं मारली. मला वाटलं आता तरी हा माणूस मागे सरेल. पण अप्पा थोरल्या मुलाकडे बघत उभेच! त्या बिचाऱ्यानं नाक पुसत “मेहरबानी, अप्पा” म्हटलं, तेव्हा यात्रा पुढे निघाली. मी एका ओसरीच्या खांबाआड उभी होते. अप्पांनी मला गर्दीत ओळख दाखवू नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

छत्रीच्या कापडावर त्यांचा जीव होता. जंप झाल्यावर छत्री मोकळ्यावर पसरून, गप्पा मारत, सावकाश घडी घालायची आमच्यातल्या काहींना सवय होती. अप्पा स्वतःची पावसाळी काळी छत्री उघडून त्या पसरलेल्या छत्रीवर धरून उभे राहायचे. छत्रीवर छत्री! “ऊन कापडाला खातंय,” ते म्हणायचे. “दिसत न्हाई, पर खातंय.” मालकानं उठून सावलीत नेईपर्यंत हलायचे नाहीत. घडी घालताना कुणाच्या दोऱ्या ओलांडून गेलेलं त्यांना खपत नसे. दुसऱ्याच्या दप्तराला न विचारता हात लावणं म्हणजे तर दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. दुकानात इरकल साड्यांचा एक वरचा कप्पा त्यांनी रिकामा करून तिथे मलमलीत गुंडाळून छत्री ठेवली होती. सुनेनं शेजारच्या कप्प्यात डांबरगोळ्या ठेवल्या, तर गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात पुकारा झाला. सूनबाईंनी “मेहरबानी” म्हटलं आणि दोन दिवस स्वयंपाकात मीठ घातलं नाही.

वारा फिरला की आम्ही कधी कधी शेजारच्या हरभऱ्यात उतरायचो. अप्पांचा नियम असा की छत्री गोळा करायच्या आधी शेतमालकाकडे जायचं, हात जोडायचे, किती रोपं मोडली ते आपणच दाखवायचं आणि मग छत्री उचलून न्यायची, फरफटत नाही. मी एकदा असंच उतरले. शेतातली बाई खुरपं घेऊन माझ्याकडेच बघत होती. मी तिच्याकडे चाललेच होते, पण बांधावरून अप्पांचा आवाज आला, “गुस्ताखी माफ! बाई आपल्या पायाखालचं हरभऱ्याचं झाड विसरून राहिल्या.” ती शेतातली बाई इतकी हसली की तिनंच मला मूठभर सोलाणे खायला दिले. मला ते गिळवेनात.

टाळ्यांचा त्यांना फार राग. खाली पाहुणेरावळे असले की आमच्यातला एखादा जमिनीजवळ येऊन छत्री झोकात वळवायचा, वेगात गवताला पाय घासत यायचा. टाळ्या पडायच्या. डॉक्टरांनी एकदा सासुरवाडीच्या लोकांसमोर हा पराक्रम केला. अप्पा त्यांच्या सासऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, “गुस्ताखी माफ. जावई तुमच्या टाळ्यांसाठी मरून राहिले होते. पुढच्या खेपेला हात खिशात ठेवा.” डॉक्टर पुढे महिनाभर मैदानावर आले नाहीत. आले तेव्हा मात्र शहाण्यासारखे, सरळ, वाऱ्याला तोंड करून उतरले.

आणि त्यांची मोजणी. उदगीरला मराठी बोलता बोलता कानडी येते, तशी ती त्यांना उडीच्या वेळी यायची. आईनं आकडे कानडीत शिकवले म्हणायचे. विमान पुरेसं वर गेलं, दार उघडायची वेळ आली, की अप्पा मोजायला लागत आणि आम्ही सगळे त्यांच्या तालावर हात लावून बघायचो. “ओंदु” म्हणजे पाठीवरची पिन, “एरडु” छातीचा पट्टा, “मूरु” मांड्यांचे पट्टे, “नाल्कु” छत्री उघडायची मूठ. पट्टा बकलातून नुसता आत गेला तर चालत नाही. तो वळून उलटा त्याच बकलातून परत यावा लागतो, नाहीतर झटका बसला की सुळकन निसटतो. त्यावर त्यांची म्हण होती: “गेला अन् परत आला तो पट्टा, नुसताच गेला तो पाहुणा.” आणि पिन तर ज्याची त्याला दिसतच नाही. एवढीशी वाकडी धातूची पिन, पाठीवर झडपेखाली, पण छत्रीचं सगळं दप्तर तिनं बंद धरलेलं असतं. ती सरकलेली असेल तर दारातच छत्री उघडते आणि विमानाच्या शेपटीला गुंडाळते. म्हणून दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिन अप्पा शेवटी स्वतः बघायचे, खांद्यावर दोन थापा मारायचे आणि ओरडायचे, “पिन बरोबर!” त्या थापा पडल्या की माणूस निश्चिंतपणे वाऱ्यात जायचा. मी कितीदा गेलेय.

अप्पांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांच्या मुलानं गेल्या थंडीत मैदानावर सत्कार ठेवला. कल्पना अशी की अप्पा आकाशातून उतरणार आणि उतरल्या जागी हार, फेटा, शाल, श्रीफळ. उदगीरहून दोन ट्रॅव्हल्स भरून माणसं आली होती. सगळी बाजारपेठ, स्वामींच्या मठातली मंडळी, सुनेच्या माहेरचे. अप्पांचा भलामोठा फोटो छापलेला फ्लेक्स, हलगीवाले, माईक, बुंदीच्या कढया. “असलं काय बी नको म्हणून सांगून राहिलो मी,” अप्पा आम्हाला सांगत होते, पण पायांत नवे कोरे पांढरे बूट होते आणि मिशीला कंगवा लागलेला होता. मला ते बघून बरं वाटलं होतं. निदान एक दिवस तरी त्यांच्यामुळे कुणाला लाजावं लागणार नाही, असंही वाटलं होतं.

त्या मोसमात त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली असेल, डॉक्टरांना वकील म्हटलं असेल. आम्ही हसलो. आता बघितलं तर त्या खुणा वाटतात. तेव्हा ते नुसते अप्पा होते.

विमानात आम्ही फरशीवर पाय दुमडून बसलो होतो. मी अप्पांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. माझ्या मागे डॉक्टर, त्यांच्यामागे प्रशिक्षकांना बांधलेली दोन गिऱ्हाइकं, हातांवर कॅमेरे. वर पोचलो. अप्पांनी मोजायला सुरुवात केली. ओंदु. एरडु. मूरु म्हणताना त्यांचे दोन्ही तळवे मांड्यांवर नेहमीसारखे पडले, आणि माझी नजर त्यांच्या डाव्या मांडीवर गेली. पट्टा नुसता गेला होता. बकलातून आत गेला होता आणि परत आला नव्हता. उरलेलं टोक मात्र नीट गुंडाळून रबरात खोचलेलं, त्यामुळे वरवर सगळं ठाकठीक दिसत होतं. “नाल्कु,” अप्पा म्हणाले.

मी हात लांबवला असता तर बकलापर्यंत पोचला असता. पट्टा काढून परत ओवला असता, कुणाला कळलंही नसतं. खाली माणसं माना वर करून उभी असणार. पण अप्पांचाच नियम होता की वर पुकारा झाला तर तो माणूस त्या दिवशी उडी मारत नाही, विमानातूनच खाली जातो. पट्टा लावून देऊन सोडायचं नाही. ते विचारायचे, “एक चुकलेलं दिसलं. दुसरं कुठं चुकलं ते कुणी बघितलंय?” इंजिनच्या आवाजात ओरडावंच लागतं, म्हणून मी ओरडले. “गुस्ताखी माफ! अप्पांचा डावा पट्टा नुसता गेलाय.”

अप्पांनी खाली बघितलं. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. “आलाय की परत.”

“नाही आला, अप्पा.”

त्यांनी पुन्हा बघितलं. टोक चाचपलं, बकल चाचपलं. “बरोबर हाय. तुमच्या डोळ्यात ऊन येऊन राहिलंय, बाई.” हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. डॉक्टर माझ्या खांद्यावरून पुढे वाकले, त्यांनी बकल बघितलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. गिऱ्हाइकांना काहीच कळत नव्हतं. ती कॅमेऱ्यात हसत होती.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही विमानातनं खाली.”

चूक दाखवल्यावर “मेहरबानी” म्हणायला एरवी ते आम्हाला एक श्वास घ्यायला वेळ देत नसत. आता त्यांनी नुसते पाय आखडून घेतले आणि मला वाट दिली. दार उघडलं, वारा आत घुसला. मी दाराकडे सरकले, वाकून उभी राहिले, आणि पाठीवर त्यांचा हात आला. झडप वर उचलली गेली, परत खाली बसली. खांद्यावर दोन थापा. “पिन बरोबर!”

मी मागे वळले आणि त्यांच्या डोक्यावरून म्हटलं, “डॉक्टर, तुम्ही पण बघा.”

अप्पांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तो उचलला गेला. डॉक्टर गुडघ्यांवर पुढे आले, त्यांनी झडप उचलून बघितली, “बरोबर” म्हणाले. मी उडी मारली.

कुणालाही विचारा, मी त्या विमानात जे केलं ते सगळं बरोबर होतं. ज्या माणसाला स्वतःचा पट्टा दिसत नाही त्याच्या शब्दावर कुणी दारातून बाहेर पडू नये. मी विद्यार्थ्यांनाही हेच सांगेन. आणि तरीही आजवर मला इतकी लाज कशाची वाटली नाही. चुकलं असतं तर “मेहरबानी” म्हणून मोकळी झाले असते. बरोबर केलेल्याचं काय म्हणायचं असतं, ते आम्हाला अप्पांनी कधी शिकवलं नव्हतं.

खाली पडताना एरवी माझ्या डोक्यात काही राहत नाही. त्या दिवशी तो उचललेला हात राहिला. छत्री उघडली, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत खालून हलगी ऐकू आली. पहिले उतरतील ते अप्पा, असं माईकवरून सांगितलेलं असणार. उदगीरकरांना वरून येणारी छत्री म्हणजे अप्पा! मी उतरले तशी माणसं धावत आली. एका जाडजूड फेटेवाल्यानं हेल्मेटवरूनच माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. “अप्पांचा विजय असो!” पाकळ्या तोंडात गेल्या. मी हेल्मेट काढलं तेव्हा समोरच्यांचे हात वरच राहिले. हलगीवाल्यांची माझ्याकडे पाठ होती, ते आणखी बराच वेळ वाजवत राहिले.

मग विमान उतरलं. दार उघडलं आणि नवे पांढरे बूट पायरीवर आले. दप्तर पाठीला तसंच, छत्री न उघडलेली. “विमानातनंच आले की,” गर्दीत कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं विचारलं, “भ्याले का काय?” अप्पा विमानापासून आमच्यापर्यंत चालत आले आणि सगळी बाजारपेठ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मी हार काढायला गेले, तो दप्तराच्या पट्ट्यात अडकला.

त्यांच्या मुलानं झटकन माईक घेतला. भला माणूस. म्हणाला, “मंडळी, वर वारा लई जोराचा होता. अप्पांच्या वयाचा विचार करून पायलटसाहेबांनी त्यांना परत आणलं. ह्या बाई संगट होत्या. विचारा त्यांना.” आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला. मुलाच्या डोळ्यांत विनवणी होती. एक “हो” म्हटलं असतं तर अप्पांची सत्तर वर्षांची इभ्रत जागेवर राहिली असती. एक “नाही” म्हटलं असतं तर मी त्यांना एका दिवसात दुसऱ्यांदा उघडं पाडलं असतं, तेही त्यांच्या गावासमोर. मी तोंड उघडलं. त्यातून काय येणार होतं, मला खरंच माहीत नाही. अजून माहीत नाही.

अप्पांनी माईक काढून घेतला.

“गुस्ताखी माफ,” ते म्हणाले. “पोरगं खोटं बोलून राहिलं. वारा काय बी नव्हता.” मुलगा खाली बघायला लागला. “पट्टा माझा चुकला. बाईंनी पुकारा केला. मला पटलं न्हाई. मला वाटलं, बाईंचीच नजर चुकली. मग मी बाईंची पिन बघितली, अन् बाई डॉक्टरला म्हटल्या, तुम्ही बी बघा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तवा पटलं. आजपासून माझी उडी बंद. मेहरबानी, बाई.”

गर्दीतल्या निम्म्या लोकांना काय झालं ते समजलं नव्हतं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या. अप्पा त्या संपेपर्यंत खाली मान घालून उभे राहिले. मग शाल झाली, फेटा झाला, बुंदी झाली. लोक मला बोटानं दाखवत होते. “हीच ती बाई.” त्यांच्या सुनेनं माझ्या पानात दोनदा बुंदी वाढली आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

अप्पा मैदानावर परत आले नाहीत. मी उदगीरला गेले की दुकानात जाते. ते गादीवर बसलेले असतात. चहा मागवतात, क्लासची पोरं कशी आहेत ते विचारतात, कधी कधी पुन्हा विचारतात. उडीचा विषय ते काढत नाहीत आणि मीही काढत नाही. माझे कान तापतात. चहा संपवून मी उठते.

सत्काराच्या त्या दिवशी लोक जेवत होते तेव्हा मी मांडवामागे सावलीत छत्रीची घडी घालत बसले होते. खरं तर लपले होते. अप्पा आले. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल. गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसले आणि, नेहमी धरायचे तशा, माझ्या छत्रीच्या दोऱ्या ताठ धरून राहिले. मला वाटलं, आता हे रागावतील. निदान रागवावं असं वाटत होतं.

“बाई,” ते म्हणाले, “पिन कशी होती?”

“बरोबर होती, अप्पा.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“तेच. बरोबर आहे म्हणाले.”

हातातल्या दोऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत.

“मंजे ती मला दिसली होती,” अप्पा म्हणाले. “ती बरोबर दिसली होती.”